भुयारातील अवगुंठिता

रोम शहरातून उत्तरेकडे जाणाऱ्या व्हिया सालारिया या पुरातन राजमार्गालगत, मऊ ज्वालामुखीय खडक पोखरून तयार केलेल्या ज्या भुयारांत आरंभकालीन ख्रिस्ती समाजाने आपले मृत विसावविले, त्यांना प्रिस्किल्ला नावाच्या एका स्त्रीचे नाव लाभले आहे. ती आसिलिउस ग्लाब्रिओ या सरदारी घराण्यातील असून ही जमीन तिच्याच मालकीची असावी, असे पुराणवस्तुसंशोधक मानतात. ज्या स्थळातील चित्रांवरून, आरंभीच्या ख्रिस्ती समाजात स्त्रिया पुरोहित होत्या काय, हा वाद इतका माजला, ते स्थळच मुळी स्त्रीच्या औदार्याने उपलब्ध झाले, ही गोष्ट वादाच्या गदारोळात सहज विसरली जाते.

या भुयारांतील एका दफनकक्षाच्या भिंतीवर, तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात रंगविलेली, मस्तकावर शुभ्र अवगुंठन घेतलेली एक स्त्री दोन्ही बाहू उंचावून उभी आहे. चित्राच्या डावीकडे आसनस्थ वृद्ध पुरुषासमोर गुंडाळीग्रंथ हाती धरलेली तरुणी दिसते, तर उजवीकडे मांडीवर तान्हे मूल घेतलेली माता. योझेफ विल्पर्ट या प्रकांड व्यासंगी जर्मन धर्मोपदेशकाला डावीकडच्या प्रसंगात व्रतस्थ कुमारिकेची दीक्षा दिसली. इतरांनी तो विवाह ठरविला आणि त्या गुंडाळीला विवाहाचा करारनामा मानले. बाई आली की तिच्या हातातील कागद कोणीतरी पुरुषाने दिलेलाच असावा, असे गृहीत धरणारी ही विद्वत्ता! तो कागद तिने स्वतः वाचावयास घेतलेला ग्रंथ असू शकेल, ही शंका मोठ्या प्रमाणावर उपस्थित व्हावयास स्त्रीवादी अभ्यासकांचीच वाट पाहावी लागली.

याच भुयारांतील तथाकथित ग्रीक प्रार्थनागृहात सात व्यक्ती भोजनास बसल्याचे एक चित्र आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते उजेडात आणणाऱ्या विल्पर्टने त्यात भाकर मोडणारा दाढीवाला धर्माध्यक्ष आणि केवळ एक स्त्री पाहिली. पुढे स्त्रीवादी अभ्यासकांनी त्याच आकृतींत बहुसंख्य वा सर्वच स्त्रिया पाहिल्या. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी : १९०३ साली प्रसिद्ध झालेल्या विल्पर्टच्या भव्य ग्रंथातील चित्रे छायाचित्रांवर चित्रकाराकरवी जलरंग चढवून सिद्ध केलेली होती, आणि कित्येक पिढ्यांच्या पंडितांनी भुयारात न उतरता त्या रंगीत पानांवरच आपले निर्णय दिले.

तथापि सातही आकृती स्त्रियांच्याच, हा दावा मला मान्य करवत नाही. झिजलेल्या रंगातून इतका पक्का फैसला निघत नाही. अवगुंठितेचे उंचावलेले बाहू हाही पौरोहित्याचा पुरावा नव्हे, कारण ही प्रार्थनामुद्रा धारण केलेली स्त्रीमूर्ती पुरुषांच्या थडग्यांवरही आढळते. परंतु जर्मनीत शिकून अमेरिकेत अध्यापन करणाऱ्या एलिझाबेथ श्युस्लर फिओरेन्झा यांनी १९८३ च्या ग्रंथात घालून दिलेली पद्धत मला अधिक मोलाची वाटते. स्त्रियांनी अमुक करू नये अशी फर्माने वारंवार निघतात, तेव्हा स्त्रिया ते करीत असल्याचीच ती साक्ष होय, हा त्यांचा न्याय चित्रांनाही लावता येतो. भिंतीवरील स्त्रीला पुरोहित ठरविण्याच्या आग्रहात मात्र तिची थोरवी पुन्हा पुरुषांच्या पदांनीच मोजली जाते, आणि येथे काही स्त्रीवादी अभ्यासकही प्रतिपक्षाच्याच मापाने मोजू लागतात.

स्त्रीच्या स्वतंत्र थोरवीची त्याहून खंबीर साक्ष रोमच्याच दोमितिल्ला भुयारात आहे. चौथ्या शतकात तेथे वेनेरान्दा नामक स्त्रीच्या थडग्यावर तिचे चित्र काढले गेले. तिच्या शेजारी पेत्रोनिल्ला ही हुतात्मा उभी असून ती तिला स्वर्गात नेत आहे. बाजूला ग्रंथांनी भरलेली पेटी आहे, आणि दोघींची नावे स्पष्ट लिहिलेली आहेत. या चित्राला मध्यस्थी करणारा धर्माध्यक्ष लागलेला नाही. त्यात पुरुषच नाही.