वेदनेची साक्ष

दुसऱ्याचे दुःख हलके करणे म्हणजे दया, ही व्याख्या इतकी सरळ आहे की तिची परीक्षा करण्याचा प्रसंग सहसा येत नाही. भुकेल्यास अन्न द्यावे, तहानलेल्यास पाणी द्यावे, थंडीने कुडकुडणाऱ्यास पांघरूण घालावे. येथे दया कोणती आणि निष्ठुरता कोणती याविषयी दोन मते संभवत नाहीत. परंतु संसारात एक प्रसंग असा येतो की तेथे ही व्याख्या अपुरी पडते. घरातील कर्ता पुरुष अर्धांगवायूने अंथरुणास खिळतो, आणि भौतिकोपचार जाणणारी बाई, जिला आपण आता फिजिओथेरपिस्ट म्हणतो, येऊन सांगते की, कष्ट पडले तरी दुबळ्या हातास कामाला लावलेच पाहिजे. सदऱ्याची गुंडी त्यांची त्यांना लावू द्या, मग पाच मिनिटे लागोत की पंधरा. तेथून घरात तंटा सुरू होतो. सासऱ्यांनी स्वतःच गुंडी लावावी म्हणून सून अडून बसली, तर ती निर्दय ठरते. आणि जो मुलगा धावत जाऊन दोन क्षणांत ती लावून देतो तो पितृभक्त ठरतो. या दोघांत खरे दयाळू कोण, हा प्रश्न वैद्यकाचा जितका आहे तितकाच नीतीचाही आहे, आणि त्याचाच थोडा विचार करण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

विश्रांतीचा पक्ष केवळ भाबड्या आप्तांचाच आहे असे कोणी समजू नये. लंडनचे नामांकित शस्त्रवैद्य जॉन हिल्टन यांनी १८६० ते १८६२ या काळात दिलेल्या व्याख्यानांत वेदना आणि विश्रांती यांचा संबंध मोठ्या मार्मिकपणे उलगडून दाखविला, आणि १८६३ साली ती व्याख्याने ग्रंथरूपाने निघाली. मोडलेले हाड जुळेपर्यंत स्थिर राहिले पाहिजे, सुजून पू झालेल्या सांध्यास ताण देऊ नये, ही शिकवण आजही खोटी ठरलेली नाही. चूक झाली ती पुढे. एका जातीच्या दुखण्यास लागू असलेला नियम सर्वच दुखण्यांस लावण्यात आला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पोलिओने लुळे पडलेल्या मुलांचे हातपाय महिनेच्या महिने फळ्यांत आणि प्लास्टरात जखडून ठेवीत, आणि तेही त्यांच्या हिताच्या बुद्धीनेच. ऑस्ट्रेलियातील एलिझाबेथ केनी या परिचारिकेने, हाती कोणतीही रीतसर पदवी नसता, या बंधनांविरुद्ध आवाज उठविला. लोकरीच्या गरम ओल्या पट्ट्यांनी ताठरलेले स्नायू शेकावे, मग हलक्या हाताने अवयव हलवावा, आणि अखेरीस मुलाने मन लावून तो स्वतः हलवावा, असा तिचा क्रम होता. १९४० साली ती अमेरिकेस गेली आणि १९४२ साली मिनियापोलिस येथे तिच्या नावाची संस्था निघाली. रोगाविषयी तिने मांडलेली उपपत्ती तज्ज्ञांस पटली नाही; तथापि मुलांना जखडून ठेवण्याची प्रथा तिच्या खटपटीनंतर मागे पडली. आपल्याकडे १९५३ साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात भौतिकोपचाराचे देशातील पहिले विद्यालय निघाले.

कंबरदुखीची कथाही अशीच आहे. कंबर धरली की आडवे व्हावे, हे शहाणपण आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका परीक्षणात फिनलंडमधील हेलसिंकी नगराच्या सेवेतील १८६ लोकांची, कंबर नुकतीच धरली असता, तीन गटांत वाटणी केली होती. एका गटास दोन दिवस अंथरुणावर पडून राहण्यास सांगितले, दुसऱ्यास कमरेचे ठरावीक व्यायाम दिले, आणि तिसऱ्यास सोसवेल त्या मर्यादेत नित्याचे व्यवहार चालू ठेवण्यास सांगितले. तिसरा गट सर्वांत लवकर बरा झाला. पडून राहणारे मागे राहिले, यात आज फारसे नवल वाटणार नाही. परंतु नुकत्याच धरलेल्या कमरेस नेमून दिलेला व्यायामही साध्या दिनक्रमाची बरोबरी करू शकला नाही, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

याचे कारण शरीराच्या कारभारात आहे. हा कारभार मोठा काटेकोर असतो. ज्या स्नायूस काम नाही त्याचा शिधा शरीर तोडते. तो बारीक होत जातो. न हललेल्या सांध्याभोवतीचे आवरण आखडते, आणि भार न पडलेल्या हाडांतील चुना कमी होऊ लागतो. मग मनुष्य हलू पाहतो तेव्हा पूर्वीपेक्षा अधिक दुखते, त्या दुखण्याच्या भीतीने तो पूर्वीपेक्षा कमी हलतो, आणि असे हे रहाटगाडगे चालू राहते. ज्या प्रेमाने त्यास पहिल्या दिवशी पाणी हातात दिले, त्याच प्रेमाने सहा महिन्यांनी त्याच्या हातास पेला धरता येईनासा केलेला असतो.

मग वेदना खोटे बोलते असे म्हणावे काय? तसे म्हणणे मोठ्या धोक्याचे होईल. डॉ. पॉल ब्रँड हे १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात आले, तेव्हा कुष्ठरोग्यांची बोटे रोगानेच सडून झडतात असा सार्वत्रिक समज होता. त्यांच्या निरीक्षणात निराळेच आढळले. रोगाने मज्जातंतू बधिर होत, आणि मग चटका बसला तरी कळेना, जखम झाली तरी हात थांबेना. संवेदना हरपल्यामुळेच त्या हातांची हळूहळू नासाडी होई. ज्यास दुखत नाही त्याचे किती नुकसान होते हे ज्याने पाहिले, तो वेदनेस शत्रू म्हणणार नाही. आता याची दुसरी बाजू पाहा. अमेरिकन वैद्य हेन्री बीचर यांनी दुसऱ्या महायुद्धातील गंभीर जखमी सैनिकांची हकीकत १९४६ साली प्रसिद्ध केली. मोठमोठ्या जखमा झालेल्या त्या सैनिकांपैकी जवळजवळ तीन चतुर्थांशांनी, विचारले असताही, वेदनाशामक औषध नको म्हणून सांगितले. रणभूमीवरून जिवंत परत आल्याचा जो अर्थ त्यांच्या मनास लागला होता, त्याने वेदनेचे रूपच पालटले असावे, असे बीचर यांस वाटले. तेव्हा जखम मोठी म्हणून वेदना मोठी असलीच पाहिजे असे नाही, आणि वेदना मोठी म्हणून जखम मोठी असलीच पाहिजे असेही नाही.

यावरून आम्हांस असे वाटते की, वेदना ही साक्षीदार आहे. तिला न्यायाधीशाच्या आसनावर बसविणे योग्य नव्हे. साक्षीदाराचे म्हणणे आदराने ऐकून घ्यावे लागते. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारून घेतली तेव्हा, मनुष्य आपणांस दुखते म्हणून सांगतो त्या सांगण्याचा मान राखला पाहिजे, असे स्पष्ट नमूद केले. परंतु साक्षीदारास उलट प्रश्नही विचारावे लागतात: हे दुखणे हालचालीनंतर तासाभरात ओसरते की रात्रभर ठणकत राहते? काल होते त्याहून आज वाढले की तितकेच आहे? अंग सुजले काय, बधिर झाले काय, शक्ती एकाएकी गेली काय? पहिल्या जातीची उत्तरे आली तर पाऊल पुढे टाकावे. दुसऱ्या जातीची आली तर थांबून वैद्यास दाखवावे. जो आप्त ‘आई गं’ हा शब्द ऐकताच सर्व थांबवितो तो साक्षीदाराच्या हाती निकाल देतो, आणि जो ‘नाटके करू नका’ म्हणून दरडावतो तो साक्ष न ऐकताच निकाल देतो. दोघांच्याही हातून अन्याय होतो. फरक इतकाच की पहिल्याच्या अन्यायास आपण माया म्हणतो.

या दोन टोकांमधील मार्गास आपल्या पूर्वजांनी मात्रा हा सुंदर शब्द दिला आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात तळहाताच्या भग्नावर उपचार सांगताना असा क्रम दिला आहे की, रोग्याने हातात प्रथम मातीचा गोळा धरावा, नंतर मिठाचा खडा धरावा, आणि हातास बळ आल्यावर दगड धरावा. एवढ्या थोड्या शब्दांत केवढा विवेक साठविला आहे! दगड धरावयाचाच आहे. परंतु पहिल्या दिवशी नव्हे. आणि मातीचा गोळा मऊ असला तरी तो रोग्यानेच धरावयाचा आहे. त्याच्या वतीने दुसऱ्या कोणी धरून चालणार नाही. १९४५ साली अमेरिकन लष्करी वैद्य थॉमस डेलॉर्म यांनी जखमी सैनिकांच्या गुडघ्यांवर हळूहळू वजन वाढवीत नेण्याची जी पद्धती प्रसिद्ध केली, तिचे तत्त्वही याहून निराळे नाही.

परंतु मात्रा कळली म्हणजे अधिकार मिळाला असे होत नाही. कठोपनिषदाने श्रेय आणि प्रेय यांची निवड सांगितली, आणि नचिकेत्याने प्रेय नाकारून श्रेय पत्करले, हे आपण मोठ्या आवडीने सांगतो. तथापि नचिकेत्याने ती निवड स्वतःसाठी केली होती, ही गोष्ट आपण विसरतो. दुसऱ्याच्या वाट्यास कष्ट देऊन ‘यातच तुझे श्रेय आहे’ असे सांगणारा मनुष्य सत्पुरुष असेल किंवा जुलमीही असेल. आणि दोघांची भाषा एकच असते. मग त्यांस ओळखावे कसे? पक्षाघाताच्या एका उपचारात याचे उत्तर मिळेल असे आम्हांस वाटते. या पद्धतीत दुबळ्या हातास बांधीत नाहीत. चांगल्या हातात जाड मोजा घालून त्यासच अडवून ठेवतात, म्हणजे दुबळ्या हातास काम करणे भाग पडते. एडवर्ड टॉब यांच्या वानरांवरील प्रयोगांतून ही कल्पना निघाली. २००६ साली अमेरिकेत तिचे मोठे परीक्षण प्रसिद्ध झाले. पक्षाघात होऊन तीन ते नऊ महिने झालेले २२२ रोगी त्यात होते. दोन आठवडे, जागेपणीचा बहुतेक सर्व वेळ मोजा घालावयाचा, आणि रोज कित्येक तास सराव करावयाचा! ज्यांनी हे केले त्यांचा हात नेहमीचे उपचार मिळालेल्यांपेक्षा वर्षभरानंतरही अधिक चालत होता. बाहेरून पाहणाऱ्यास हा शुद्ध छळ वाटेल. परंतु मोजा केव्हा घालावयाचा आणि केव्हा काढावयाचा याचा करार या पद्धतीत रोग्याशी आधी करतात, आणि त्याखाली रोगी स्वतः सही करतो. मुक्या वानरांस असा करार करता आला नव्हता. एकच बंधन; परंतु एका ठिकाणी ते लादलेले आहे आणि दुसऱ्या ठिकाणी पत्करलेले आहे. आमच्या मते अधिकाराची कसोटी हीच: ज्यास कष्ट पडावयाचे आहेत त्यास कष्टांचे कारण समजले आहे काय, आणि ‘आता पुरे’ या त्याच्या शब्दाने हात थांबतो काय?

येथे एक आक्षेप घेता येईल, आणि तो खरोखर वजनदार आहे. बरे होणे जर रोग्याच्या स्वतःच्या प्रयत्नावर इतके अवलंबून असेल, तर जो बरा झाला नाही त्याने प्रयत्नच केला नाही असे ठरत नाही काय? पुष्कळ घरांत हे वाक्य बोलले जाते, आणि ज्याचा हात वर्षभर झटूनही उचलला जात नाही त्यास ते रोगाहून अधिक लागते. वर सांगितलेल्या परीक्षणात सुद्धा ज्यांची मनगटे व बोटे थोडी तरी हलत होती अशाच रोग्यांस घेतले होते. मेंदूचा जो भाग समूळ नष्ट झाला त्यापुढे चिकाटीचाही इलाज चालत नाही. प्रयत्न हा रोग्याचा अधिकार आहे. त्याचे फळ मात्र त्याच्या मुठीत नाही. म्हणून प्रयत्नाची संधी सर्वांस द्यावी, आणि अपयशाचा जाब कोणासही विचारू नये. ज्याची हालचाल परत येत नाही त्याच्यासाठी काठी, खुर्ची, दाराशी उतरण असे जे साधन लागेल ते आणावे; तो पराभव नव्हे, तीही हालचालच आहे.

आणखी एक गोष्ट आपल्या वर्गाने विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. ‘हालचाल करा’ हा उपदेश ज्याचा दिवस बैठकीत जातो त्यास हितकर आहे. पण चार घरची धुणीभांडी करून जिचे मनगट सुजले आहे त्या बाईस तोच उपदेश करणे म्हणजे दगड आधीच हातात असलेल्यास आणखी एक दगड देणे होय. तिच्यासाठी मात्रा याचा अर्थ दोन दिवसांची पगारी सुटी असा आहे. ती न देता कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानातून गोळी आणून देणे ही दयेची फार स्वस्त आवृत्ती आहे.

एवढ्या विचारानंतर दयेची व्याख्या आम्ही किंचित बदलू इच्छितो. दुसऱ्याचे दुःख हलके करणे ही दया खरीच. परंतु ते दुःख उचलण्याचे त्याचे बळ वाढविणे ही तिची पुढची पायरी आहे, आणि या पायरीवर उभे राहणे अधिक अवघड आहे. पहिल्या पायरीवर आपल्या हातांस काम असते. दुसरीवर ते रिकामे ठेवून, तरीही जवळच उभे राहून, दुसऱ्याचा हात थरथरताना पाहावे लागते. त्या वेळी आपल्याला जो त्रास होतो तो चुकविण्यासाठीच आपण पुष्कळदा मदतीस धावतो, आणि त्यास त्याच्यावरचे प्रेम असे नाव देतो. तेव्हा दुखणाईताच्या वेदनेची साक्ष घेण्यापूर्वी प्रत्येक घराने आपल्या या वेदनेचीही साक्ष घ्यावी, एवढेच आमचे सांगणे आहे.