एक पूर्ण मिनिट

निवांत बसा. समोर घड्याळ ठेवा आणि आपला श्वास मोजा, पूर्ण एक मिनिट. मध्येच सोडू नका. शांत बसलेल्या मोठ्या माणसाचे श्वास मिनिटाला 12 ते 20 भरतात. मिनिट केवढं मोठं असतं, हे मोजतानाच कळतं.

आता मन नगर जिल्ह्यातल्या कोपरगावला न्या. दिवाळी सरली आहे. कोळपेवाडीचा आणि सहजानंदनगरचा साखर कारखाना सुरू झाला आहे. बीड, पाथर्डीकडची ऊसतोड कुटुंबं पाचटाच्या नि प्लास्टिक कागदाच्या झोपड्यांत, म्हणजे कोप्यांत, उतरली आहेत. गोदाकाठची थंडी पहाटे हाडात शिरते आणि त्याच अंधारात आई कोयता घेऊन फडाकडे निघते. बाळ थोरल्या बहिणीपाशी कोपीत, नाहीतर बांधावर झोळीत. चुलीचा धूर आत कोंडलेला. त्या बाळाचा श्वास मनाने ऐका. पोट उडतंय का?

दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे श्वास मिनिटाला 50 किंवा अधिक भरले, तर तो न्यूमोनियाचा इशारा असतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ही रेघ 60 वर, एक ते पाच वर्षांच्या मुलाला 40 वर. बाळ रडत नसताना अंगावरचं कापड वर करायचं आणि मिनिटभर पोटाकडे पाहायचं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच माणसांना हे ओळखायला आणि औषध द्यायला शिकवलं, आणि न्यूमोनियाने जाणारी मुलं कमी झाली. 1990 मध्ये ‘लॅन्सेट’ने ते जगापुढे ठेवलं. मला त्यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की दवाखान्याची नजर त्यांनी घरापर्यंत नेली.

इथे थोडं थांबा. मग ग्रामीण रुग्णालयाच्या ओपीडीपुढे उभे राहा.

रांग दारापर्यंत आली आहे. दम्याचे आजोबा भिंतीला टेकून धापा टाकताहेत. छाती भरलेली पोरं खांद्यावर आहेत, आणि दिवस भरलेली एक बाई बाकाच्या कडेला बसली आहे. ग्रामीण रुग्णालय साधारण 30 खाटांचं असतं. त्यापलीकडचं नगरला किंवा नाशिकला पाठवायचं, म्हणजे शंभरेक किलोमीटर. आत एकच सिस्टर इंजेक्शन देते, वाफेचं मशीन लावते, रजिस्टर भरते, नातेवाइकांना उत्तरं देते. तिने एका बाळाच्या पोटाकडे मिनिटभर पाहायचं, तर ते मिनिट कुठून आणायचं? उत्तर शोधायची घाई नको. प्रश्नाजवळच थोडा वेळ राहा. थंडीत खाटा कमी पडतात हे सगळ्यांना दिसतं. त्याआधी मिनिटं कमी पडतात, ते दिसत नाही.

न दिसणारी उणीव मोठ्या रुग्णालयातही असते. याच जिल्ह्यात 6 नोव्हेंबर 2021 रोजी, भाऊबीजेच्या दिवशी, नगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागली आणि 11 रुग्ण गेले. त्याच वर्षी 9 जानेवारीला भंडाऱ्यात नवजात बालकांच्या कक्षात अशाच आगीत 10 बाळं गेली होती. ज्यांचा श्वास आपण यंत्राच्या हवाली करतो, त्यांच्याजवळ जागं माणूस हवं आणि भिंतीतली वायर वेळेवर तपासलेली हवी. हे खर्चाच्या यादीत शेवटी येऊ नये. या माणसांची आठवण मनात ठेवून चार श्वास घ्या.

केंद्र सरकारची ‘सांस’ मोहीम 12 नोव्हेंबर ते 28 फेब्रुवारी चालते, बालकांच्या न्यूमोनियासाठी. गाळपाचा हंगामही ऐन भरात असतो तो याच दिवसांत. माझं ठाम मत आहे, की कोपरगावात ती मोहीम आधी कोप्यांवर गेली पाहिजे. गावाच्या यादीत नाव नसलेलं बाळ सहज निसटतं, आणि रात्री धाप लागली की थेट रुग्णालयाच्या दारात येतं. तोवर उशीर झालेला असतो. वॉर्डातली गर्दी अशा उशिरामुळेही वाढते.

आता डोळे उघडा. तुमच्या शेतात तोड चालू असेल, तर आज कोप्यांकडे एक फेरी मारा. बाळ कसं आहे, पितंय का, विचारा. आईला श्वास मोजून दाखवा. आकडा जास्त भरला, बाळ दूध सोडून पडून राहिलं किंवा श्वास घेताना छाती आत ओढली गेली, तर सकाळची वाट पाहू नका. 108 ला फोन लावा. ती गाडी रात्रीही येते आणि तिचे पैसे पडत नाहीत.