जाणत्याचे मौन

कणकुंबीस माउलीच्या देवळाशी मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेकडे कृष्णेच्या भेटीस निघते. त्याच परिसरातला कळसा नाला मात्र पश्चिमेस म्हादईत उतरतो. अशा पाण्याच्या गावी बांधाला पडलेले भोक ही कोणा एकाची खाजगी बाब राहत नाही. ज्यास ते दिसले त्याने हाक द्यावी, हा धर्म तेथे शिकवावा लागत नाही. परंतु भोक पाहूनही जो स्वतःच्या सोयीसाठी गप्प राहतो, त्यास दोषी म्हणावे काय?

हा प्रश्न आमच्यापुढे उभा केला तो संगणकाने. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ नावाच्या विध्वंसक आज्ञावलीने मेर्स्क या डॅनिश कंपनीचे संगणक जगभर बंद पाडले आणि न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात तिच्याकडे असलेल्या टर्मिनलचे काम ठप्प झाले. ती आज्ञावली ज्या वाटांनी पसरली त्यांपैकी एक वाट म्हणजे विंडोज कार्यप्रणालीच्या एका ड्रायव्हरमधील चूक. जाळ्यावरून आलेला मजकूर उतरवून घेणारा हा द्वारपालच म्हणा ना!

चूक कशी, ते देवस्थानच्या कोठीवरून समजावे. वहीत १०,००० शेर धान्याची नोंद आहे. त्यांतले ५० शेर नासके निघाले. कारकुनाने ९,९५० शेरांपुरती कणगी मांडली. वहीत मात्र शेवटचे चार अंक तेवढे बदलले, आरंभीचा १ तसाच राहिला. आकडा झाला १९,९५०! मापाऱ्याने वहीवर विसंबून ओतले आणि धान्य शेजारच्या कणगीत सांडले. संगणकात त्या शेजारच्या खणात परक्याची अक्षरे पडली की यंत्र परक्याची आज्ञा पाळू लागते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेस ही चूक पूर्वीपासून ठाऊक होती व तिने ती हेरगिरीसाठी राखून ठेवली होती, असे तेथील वृत्तपत्रांनी प्रसिद्ध केले. मायक्रोसॉफ्टची दुरुस्ती निघाली १४ मार्च २०१७ रोजी. १४ एप्रिलला चोरीस गेलेले ते हत्यार जगापुढे उघडे पडले.

राज्यरक्षकास गुपिते राखावीच लागतात, हे समर्थन हलके नाही. आमचा १८७२ चा करार कायदाही, बोलण्याचे कर्तव्य नसेल तर, केवळ मौनास कपट म्हणत नाही. परंतु येथे केवळ मौन होते काय? भोकाचे हत्यार बनवून ते साठविले गेले होते. १८६८ साली इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायपीठाने रायलँड्स विरुद्ध फ्लेचर या खटल्यात ठरविले की, सुटल्यास अपाय करील अशी वस्तू जो स्वतःसाठी साठवितो, ती सुटल्याचे परिणाम त्याने भोगावे. तो खटलाही साठविलेल्या पाण्याचाच होता. ‘परक्याने बांध फोडला’ हा बचाव तेथे चालतो. पण ओलियम वायूच्या गळतीच्या खटल्यात १९८६ साली आमच्या सर्वोच्च न्यायालयाने धोकादायक उद्योगांना तसे अपवाद नाकारले. हे निर्णय हेरखात्यास लागू होत नाहीत, हे आम्ही जाणतो. तथापि त्यांमागील नीती लागू पडते: शत्रूच्या घरातील म्हणून जपलेले भोक मित्राच्या आणि तिऱ्हाइताच्या घरातही तेच असते.

हल्ला करणाऱ्याचा दोष पहिला. त्याबद्दल वाद नाही. जाणून गप्प राहणाऱ्याचा दुसरा. मात्र तिसराही एक आहे. दुरुस्ती हाती येऊन तीन महिने उलटले होते, तरी कित्येक यंत्रे तशीच राहिली होती. आमच्या कचेरीतील संगणकही अशी सूचना दाखवितो, तेव्हा आम्ही ‘उद्या पाहू’ म्हणून ती मिटवितो. अशिलांचे कागद त्याच यंत्रात असतात. त्यांनी ते आमच्या भरवशावर ठेवलेले असतात. ज्याला भोक दिसले त्याने हाक द्यावी हे खरे. पण ज्याने हाक ऐकली त्याने फावडे घेऊन उठावे, हेही तितकेच खरे.