झाकलेला कोपरा

आम्ही मूळचे वसईचे. गेली बरीच वर्षे कॅनडातील ओंटारिओ प्रांतात राहतो. इथला उन्हाळा लहान. तेवढ्या दिवसांत लोक तंबू, होड्या आणि चाकांवरची घरे घेऊन तळ्यांकाठी मुक्कामाला जातात. २०२१ साली आम्हीही असेच एक जुने घर विकत घेतले. त्याला इकडे पॉप-अप कॅम्पर म्हणतात. मिटलेला असताना तो मोटारीमागे जोडलेल्या बसक्या पेटीसारखा दिसतो. हँडल फिरवले की कप्प्यांवरून तारा ओढल्या जातात आणि छताचे चारही कोपरे एकदम वर येतात. मग दोन्ही टोकांचे बिछाने बाहेर सरकवायचे. त्यांच्याभोवती कॅनव्हासच्या भिंती उभ्या राहतात. अमेरिकेतील इंडियाना राज्यात लॉईड बॉन्ट्रेगर यांनी छत उचलण्याची अशीच एक युक्ती बसवली आणि १९६८ मध्ये जेको ही कंपनी सुरू केली. आमचा कॅम्पर दुसऱ्या कंपनीचा. पण तत्त्व तेच.

विकणाऱ्याने त्याला ताजा रंग दिला होता, नवे पडदे लावले होते. आम्ही भाळलो. घरी आणल्यावर जमिनीवरचे नवे आच्छादन उचलले, तर खालचे प्लायवूड भिजलेल्या पावासारखे मऊ! दाभण टोचले की सरळ आत जाई. छताच्या सांध्यांतून वर्षानुवर्षे पाणी झिरपले होते. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या खाली राहिला तर कुजवणारी बुरशी सहसा वाढत नाही. इथे तिला भरपूर खाद्य मिळाले होते. त्या माणसाला आम्ही मनोमन लबाड ठरवून टाकले.

मग दोन हिवाळे आम्ही कामाला जुंपून घेतले. जमीन बदलली, तारा बदलल्या, चाकांच्या बेअरिंगमध्ये नवे वंगण भरले, सांधे खरवडून पुन्हा बंद केले. टायरची नक्षी शाबूत होती. पण त्याच्या कडेवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. त्यावरून कळले की टायर बारा वर्षांचे झाले होते. तेही बदलले. एक कोपरा मात्र राहिला. छत उचलणाऱ्या खांबाचा भार जिथे येतो, तिथली चौकट आतून कुजली होती. ती काढायची तर अख्खे छत उघडावे लागले असते. आम्ही त्यात इपॉक्सी भरले आणि वरून पत्रा बसवला. बाहेरून काही दिसत नव्हते.

२०२४ साली कॅम्पर विकायला काढला. एक तरुण जोडपे आपल्या लहान मुलीला घेऊन आले. मुलगी धावत जाऊन नेमकी त्याच कोपऱ्याखालच्या बिछान्यावर आडवी झाली. त्यांना सगळेच आवडले. कोपऱ्याविषयी त्यांनी काहीच विचारले नाही.

आम्ही एकमेकांकडे पाहिले. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण आपल्याला लहानपणापासून पाठ. शिवाय मनात वकील उभा राहिलाच. घेणाऱ्याने नीट पाहून घ्यावे. आम्हांला तरी कोणी सांगितले होते? दोन वर्षे कोपरा टिकला, पुढेही टिकेल. यातले एकही वाक्य खोटे नव्हते. तरीही ते सगळे मिळून एक खोटेच होते. कारण न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर फक्त आमच्याकडे होते, आणि त्या छताखाली निजणार होती ती मुलगी. टायर आपले वय अंगावर लिहून फिरतो. लाकडाला ते जमत नाही. म्हणून लाकडाच्या वतीने माणसाने बोलायचे असते.

आम्ही पत्रा काढून कोपरा दाखवला. त्यांनी आभार मानले आणि ते निघून गेले. परत आले नाहीत. महिन्याभराने एक निवृत्त सुतार आले. त्यांनी कोपरा पाहिला, हसले आणि आम्ही मागितलेल्या किमतीपेक्षा सहाशे डॉलर कमी देऊन कॅम्पर घेऊन गेले. छत उघडण्याची त्यांची तयारी होती.

सहाशे डॉलर आम्हांला लागले, हे नाकारत नाही. पण त्या दिवशी आणखी एक गोष्ट उमगली. ज्याला आम्ही लबाड ठरवले, त्याला आम्ही कधी एका शब्दाने विचारले नव्हते. कदाचित त्यालाही जमिनीखालचे ठाऊक नसेल. कदाचित ठाऊक असेल, आणि त्याच्याही मनात आमच्यासारखाच एक वकील उभा राहिला असेल. गप्प राहणे किती सोपे असते, हे त्याच्या जागी उभे राहिल्याशिवाय आम्हांला कळले नाही.

जुनी स्कूटर असो, घर असो की लग्नाची बोलणी. आपण सारे कधी ना कधी देणाऱ्याच्या जागी उभे राहतो. वस्तू दुरुस्त करताना थोडी कसर राहून जाते. माणसाच्या हातून तसे होणारच. मात्र राहिलेली कसर पुढच्याला दाखवणे हाही दुरुस्तीचाच भाग आहे. तेवढे केले नाही, तर आपण वस्तू नीट केली असे म्हणता येईल का?