मित्राचे नाव हाही निक्षेपच

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात राजाने निर्णय द्यावयाच्या अठरा व्यवहारपदांची गणना केलेली आहे. तीत पहिले स्थान ऋणादानाला, दुसरे निक्षेपाला आणि तिसरे अस्वामिविक्रयाला मिळाले आहे. ऋणादान म्हणजे कर्जाच्या देण्याघेण्याचा प्रश्न, निक्षेप म्हणजे दुसऱ्यापाशी विश्वासाने ठेवलेली वस्तू, आणि अस्वामिविक्रय म्हणजे ज्या वस्तूचे आपण धनी नाही ती विकणे. शास्त्राने हे तीन विषय निरनिराळे मानले. परंतु आजच्या संसारात असा एक व्यवहार आढळू लागला आहे की, ज्यात या तिन्ही ठिकाणचे दोष एकाच कृतीत एकवटतात. मित्राने विश्वासाने हाती दिलेल्या कागदांच्या आधारे, त्याच्या नकळत, त्याच्या नावावर कर्ज उभे करणे, हा तो व्यवहार होय.

ऋण काढणे हे स्वतः पाप नव्हे. आजारपण, मुलीचे लग्न, मुलाचे शिक्षण, नोकरीतील खंड, अशा प्रसंगी गृहस्थ मित्राकडे हात पसरतो आणि मित्रही यथाशक्ति देतो. यात दोघांचेही कल्याण होऊ शकते. प्रश्न निराळ्याच ठिकाणी उत्पन्न होतो. मित्राजवळ पैसा मागणे आणि मित्राचे नाव वापरणे, या दोन गोष्टींत फारसे अंतर नाही असे पुष्कळांना वाटू लागले आहे. वस्तुतः ते अंतर याचना आणि चौर्य यांच्यातील आहे.

शास्त्रकारांच्या प्रथेप्रमाणे देवदत्त आणि यज्ञदत्त या दोन मित्रांचे उदाहरण घेऊ. दोघे सहकुटुंब तीर्थयात्रेस निघाले. मुक्कामाची व्यवस्था करण्याकरिता यज्ञदत्ताने आपल्या आधारपत्राची व पॅनकार्डाची प्रत देवदत्ताजवळ दिली. यात्रा संपली, प्रती देवदत्ताच्या मोबाइलमध्ये तशाच राहिल्या. पुढे देवदत्ताच्या घरी शस्त्रक्रियेचा खर्च उभा राहिला. त्याची स्वतःची पत पूर्वीच्या थकलेल्या हप्त्यांमुळे गेलेली होती. त्याने यज्ञदत्ताच्या नावाने एक महागडी वस्तू हप्त्यांवर घेतली. काहीतरी निमित्त सांगून त्याच्या मोबाइलवर आलेला संकेतांक विचारून घेतला. वस्तू बाहेर विकली आणि रुग्णालयाचे पैसे भरले. तीन हप्ते त्याने प्रामाणिकपणे फेडले. चौथा फेडता आला नाही. त्यानंतर एके दिवशी वसुलीचा दूरध्वनी यज्ञदत्ताच्या घरी खणखणला.

येथे काय घडले हे समजण्यासाठी आजची पत कशी चालते हे ध्यानात घेतले पाहिजे. पूर्वी पत ही गावातील सावकाराच्या वहीत आणि शेजाऱ्यांच्या तोंडी असे. आता २००५ च्या पतमाहिती कंपन्यांविषयीच्या कायद्यानुसार प्रत्येक कर्जदाराच्या परतफेडीची नोंद अशा कंपन्यांकडे जाते. भारतात त्या चार आहेत. सिबिल हे त्यांतील सर्वांत परिचित नाव. नोंदींवरून ३०० ते ९०० या मर्यादेत एक अंक ठरतो, आणि घराचे कर्ज मिळावे की नाही, मिळाल्यास कोणत्या व्याजाने, हे पुष्कळदा त्या अंकावर अवलंबून असते. अर्थात् देवदत्ताने हप्ता चुकविला, तो यज्ञदत्ताने चुकविला अशी नोंद झाली. वीस वर्षे वेळेवर देणी देऊन यज्ञदत्ताने जे मिळविले होते, ते त्याला न विचारता खर्च झाले.

देवदत्ताचे समर्थन दुहेरी असते. पहिले असे की, “पैसे मीच फेडणार होतो, मित्राचे एक कवडीचेही नुकसान करण्याचा हेतू नव्हता.” दुसरे असे की, “मी मागितले असते, तर त्याने दिलेच असते.” पहिल्या समर्थनाचे उत्तर याज्ञवल्क्याने देऊन ठेवले आहे. ठेव आपल्या इच्छेने वापरून जो तिच्यावर उपजीविका करतो, तो दंडास पात्र आहे, आणि ती ठेव त्याने लाभासह परत दिली पाहिजे, असा त्या स्मृतीचा नियम आहे. वापरण्यासाठी मागून आणलेल्या वस्तूलाही तोच नियम लागू केलेला आहे. परत देण्याचा संकल्प असला म्हणून ठेव आपली होत नाही. ज्या कार्यासाठी वस्तू हाती आली, त्या कार्यापुरताच तिच्यावर अधिकार. यात्रेच्या मुक्कामासाठी दिलेले नाव यात्रा संपताच मनाने परत करावयाचे असते.

दुसरे समर्थन अधिक सूक्ष्म असल्यामुळे अधिक घातक आहे. “त्याने दिलेच असते” हे जर खरे असेल, तर मागण्यास अडचण कोणती होती? आणि जर ते खरे नसेल, तर देवदत्ताने पैशापेक्षाही मोठी वस्तू हरण केली. ती म्हणजे मित्राचा ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार. याचनेत याचक खाली असतो आणि दात्याची इच्छा स्वतंत्र असते. म्हणूनच दिलेल्या पैशाला उपकाराचे मोल येते. जेथे नकाराला जागाच ठेवली नाही, तेथे दान नाही, ऋण नाही, मैत्रीही नाही.

मग देवदत्ताने मागितले का नाही? या प्रश्नातच रोगाचे मूळ आहे. त्याला लाज वाटली. आपला संसार ढासळला आहे हे मित्रासमोर उघड होऊ नये, बरोबरीचे नाते तसेच दिसत राहावे, असे त्याला वाटले. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना भगवंतांनी आरंभ अमानित्वापासून केला आहे, आणि त्याच श्लोकात पुढे आर्जवाचा, म्हणजे सरळपणाचा, उल्लेख आहे. हा क्रम व्यवहारातही अनुभवास येतो. ज्याला मान सोडता येत नाही, त्याला सरळपणा राखता येत नाही. मित्राच्या दारी जाऊन “मला चाळीस हजार रुपये हवेत, आणि केव्हा परत देईन हे सांगता येत नाही” असे म्हणण्यात जो क्षणभराचा अपमान आहे, तो गिळण्याचे धैर्य नसल्यामुळे मनुष्य वर्षांचे असत्य पत्करतो. याचनेची लाज ही वैरीण नव्हे. ती धर्माच्या कुंपणासारखी आहे. कुंपण टोचते, पण ते ओलांडणाराच चोर ठरतो.

मित्राच्या बाजूनेही काही कर्तव्ये आहेत. गीतेच्या सहाव्या अध्यायात सुहृद् आणि मित्र हे दोन शब्द शेजारी आलेले आहेत. प्रत्युपकाराची अपेक्षा न धरता उपकार करणारा तो सुहृद्, आणि स्नेह बाळगणारा तो मित्र, असा भेद श्रीशंकराचार्यांनी भाष्यात केला आहे. गृहस्थाने मित्राला पैसे देताना शक्यतो सुहृद् होऊन द्यावे. म्हणजे परत न आले तरी संसार मोडणार नाही आणि मन कडवट होणार नाही इतकेच द्यावे, पण ते उघडपणे द्यावे. मात्र स्वतःचे नाव, सही आणि मोबाइलवरचा संकेतांक देऊ नये. पैसा दिला तर हानीला मर्यादा राहते. नाव दिले तर ती राहत नाही. ओळखीसाठी आधारपत्र द्यावेच लागले, तर ज्यावर शेवटचे चारच अंक दिसतात अशी प्रत द्यावी. शिवाय प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा आपला संपूर्ण अहवाल विनामूल्य मागविता येतो. तो पाहणे यात कोणावरही अविश्वास नाही. घराचे दार रात्री लावणारा शेजाऱ्याला चोर म्हणत नसतो.

आता सर्वांत कठीण प्रश्न उरतो. सत्य कळल्यानंतर यज्ञदत्ताने काय करावे? देवदत्त रडत येतो आणि म्हणतो, “तक्रार करू नकोस, माझ्या मुलाबाळांकडे पाहा.” त्याचे भय निराधार नाही. दुसऱ्याचे ओळखचिन्ह अप्रामाणिकपणे वापरणाऱ्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-ग कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. आणि यज्ञदत्ताला आपल्या नावाची नोंद शुद्ध करून घ्यावयाची, तर “हे कर्ज मी घेतलेले नाही” असे लिहून द्यावेच लागते. स्वजनाविषयीच्या करुणेने हातपाय गळण्याचा हा प्रसंग अर्जुनाच्या प्रसंगाची छोटी प्रतिमाच आहे.

येथेही तेराव्या अध्यायातील त्याच श्लोकाकडे वळावे. त्यात आर्जवाच्या अगदी शेजारी क्षान्ति आहे. क्षमा आणि सरळपणा यांत विरोध असता, तर एकाच ज्ञानाची लक्षणे म्हणून ती शेजारी बसली नसती. क्षमेचे क्षेत्र आपले अंतःकरण आहे. घडलेली गोष्ट बदलण्याचा अधिकार तिला नाही. यज्ञदत्ताने द्वेष सोडावा, त्याला शक्य असेल तर पैसेही सोडावे. परंतु घडलेले घडले नाही असे म्हणू नये. त्याने देवदत्तास सांगावे की, “कर्ज देणाऱ्यापुढे तू स्वतः चल आणि खरे लिहून दे, मी तुझ्याबरोबर येतो. तू न आल्यास मला एकट्याला जावे लागेल.” या बोलण्यात दया आहे आणि सत्यही आहे. असत्यात साथ दिल्याने मित्र वाचत नाही. त्याच्या पुढच्या पतनाची तयारी मात्र होते, आणि पुढचा बळी कदाचित यज्ञदत्ताइतका समर्थ नसेल.

देवदत्तानेही हा मार्ग शिक्षा मानू नये. मागण्याच्या वेळी जी लाज त्याने टाळली, तीच आता त्याच्यापुढे परत आली आहे, व्याजासह. ती त्याने या वेळी स्वीकारली, तर हप्ते फिटण्यास वर्षे लागली तरी त्याचे खरे ऋण त्याच दिवशी फिटू लागेल.