कुरकुर

ज्याची कुरकुर ऐकू येत नाही त्याला त्रासच नाही, असं धरून चालणं हा सगळ्या घरांचा आणि ऑफिसांचा अलिखित नियम आहे. हा नियम न्यायाचा आहे का, असा प्रश्न तत्त्वज्ञांना कशामुळे पडतो कोण जाणे; मला तो गुडघ्यामुळे पडला.

गुडघ्यात हाडांच्या टोकांवर काही मिलिमीटर जाडीची गुळगुळीत गादी असते. तिला कूर्चा म्हणतात. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत आणि मज्जातंतूही नाहीत. म्हणजे पगार नाही आणि तक्रारपेटीही नाही! सपाट रस्त्यावर चालतानाही गुडघ्यावर आपल्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार पडतो. रामटेकच्या पायऱ्या चढताना आणखी जास्त. गादी गप्प. ती झिजून झळ खालच्या हाडाला पोचली, की मग आपण म्हणतो, "कालपर्यंत तं काई नव्हतं जी!"

बँकेच्या भाषेत सांगायचं तर, या खात्यातून रोज पैसे निघतात, पण पासबुकात नोंद होते ती शिल्लक संपत आल्यावर. भरणा जवळजवळ नाहीच. गेलेली कूर्चा भरून येत नाही, हे विल्यम हंटर यांनी १७४३ सालीच लिहून ठेवलंय. पंतप्रधान वाजपेयींनासुद्धा २००० आणि २००१ साली मुंबईत एकेक करून दोन्ही गुडघे बदलून घ्यावे लागले.

मग तिला कामच देऊ नये? इथेच तर गंमत आहे. संत्रं पिळलं की रस गेला तो गेला. कूर्चा मात्र भार आला की पाणी सोडते आणि भार उतरला की सांध्यातला रस शोषून घेते. तेच तिचं जेवण. नुसती बसवून ठेवली तर उपाशी! म्हणजे भार हा अन्याय नव्हे. भार उतरायला उसंत न देणं हा अन्याय.

गुडघ्यांची ही झीज पन्नाशीनंतर पुरुषांपेक्षा बायकांत जास्त आढळते. त्याची कारणं डॉक्टर सांगतील. मी एवढंच पाहतो, की घरात सगळ्यांत आधी उठणारी आणि सगळ्यांत शेवटी टेकणारी बाई "मला काही होत नाही" म्हणते, आणि आपण ते सही-शिक्क्याचं समजून फाइलला लावतो. कूर्चा बोलत नाही, कारण तिला दुखतच नाही. माणसाला दुखतं आणि तरी तो बोलत नाही. तेव्हा विचारणं हे आपलं काम.

म्हणून आवाज यायच्या आधीच म्हणावं, "तू बस जरा, मी उठतो." यात पुण्य किती ते ठाऊक नाही. पण चारही गुडघ्यांचा फायदा आहे: तिच्या दोघांना उसंत, आपल्या दोघांना जेवण!