कृष्णविनोद आणि प्रेक्षकाची जबाबदारी

हास्यास्पद दोष हा वेदनारहित असावा, अशी अट ॲरिस्टॉटलने घातली होती. विनोदाचा आस्वाद घेताना हृदय क्षणभर बधिर व्हावे लागते, असे बर्गसाँने १९०० मध्ये प्रतिपादले. कृष्णविनोद पहिली अट मोडतो आणि दुसरीचा पुरेपूर उपयोग करतो; तो मृत्यूच्या सान्निध्यातच हसवतो. अशा वेळी हसणे म्हणजे दुष्कृत्याला दिलेली संमती ठरते काय?

व्हिन्स गिलिगन यांच्या ‘ब्रेकिंग बॅड’ (२००८–२०१३) या अमेरिकन मालिकेत हा प्रश्न तीव्रतेने उभा राहतो. रसायनशास्त्राचा शिक्षक वॉल्टर व्हाइट कर्करोगाचे निदान झाल्यावर अमली पदार्थ बनवू लागतो. दुसऱ्या भागात त्याचा साथीदार प्रेत विरघळवण्यासाठी प्लॅस्टिकचे पिंप न आणता स्नानाचा टब वापरतो. आम्ल टबासकट मजलाही खाऊन टाकते आणि सारा लगदा खाली कोसळतो. प्रेक्षक हसतो, कारण नकळत त्याने गुन्हेगाराची दृष्टी स्वीकारलेली असते. मृत माणूस आता केवळ विल्हेवाटीची अडचण असतो.

पुढच्या भागात तळघरात डांबलेल्या डोमिंगोला मारावे की सोडावे, याची कारणे वॉल्टर दोन रकान्यांत मांडतो. न मारण्याची कारणे अनेक. मारण्याचे एकच, सोडल्यास तो कुटुंबाचा जीव घेईल. नीतिविचाराची ही हिशेबवहीही हास्यास्पदच. पण बोलता बोलता डोमिंगोच्या वडिलांच्या फर्निचरच्या दुकानाचा विषय निघतो. मुलाचा पाळणा तेथूनच घेतल्याचे वॉल्टरला आठवते. ‘अडचणी’ला भूतकाळ लाभतो आणि हसू थांबते. टबात विरघळलेल्या एमिलिओच्या वाट्याला मात्र असा भूतकाळ जवळजवळ येतच नाही.

कलाकृती स्वतःच प्रेक्षकाला भानावर आणते, असे म्हणून हा प्रश्न निकालात काढता येत नाही. बासष्ट भागांच्या सहवासात उसनी दृष्टी अंगवळणी पडते. वॉल्टरच्या पत्नीची, स्कायलरची भूमिका करणाऱ्या ॲना गन यांनी आपल्या पात्राविषयी प्रेक्षकांच्या मनात असलेल्या द्वेषाबद्दल २०१३ मध्ये जाहीरपणे लिहिले. स्कायलर दोषरहित नाही. तथापि त्या द्वेषाचे एक मोठे कारण ती नवऱ्याच्या वाटेत उभी राहते, हेच होते. येथे कथनाचा दृष्टिकोन हाच नैतिक निवाडा मानला गेला.

हसू विवेकाच्या आधी उमटते, म्हणून ते संमती नव्हे. परंतु त्यानंतरचा विचार प्रेक्षकाच्या स्वाधीन असतो, आणि जबाबदारी तेथून सुरू होते. हसू ओसरल्यावर मेलेला पुन्हा माणूस म्हणून आठवतो की नाही, हीच कृष्णविनोदाची आणि त्याच्या रसिकाचीही कसोटी होय.